अणूची साक्ष

स्मरणिकेत आठवणी असाव्यात असा संकेत आहे. वसतिगृहातील पहाटेची घंटा, सामुदायिक वंदनेचा स्वर, भोजनगृहातील रांग, प्रथम आलेल्या मुलाचे फळ्यावर लिहिलेले नाव, हे सारे इतर लेखक आमच्याहून अधिक जिव्हाळ्याने लिहितील. आम्ही मात्र येथे अणूविषयी लिहिणार आहोत. आयुष्यभर इतिहास शिकविणाऱ्या माणसाने अणूकडे वळावे हे वाचकांना अस्थानी वाटेल. म्हणून त्यामागचे कारण प्रथम सांगणे आवश्यक आहे. ते कारण आम्हास फारसे भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी ठासून सांगितले की, लुंबिनीच्या उत्खननात कार्बन परीक्षणाने तथागतांचा जन्मकाळ सिद्ध झाला असून आता कोणालाही शंका घेण्यास जागा उरलेली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, कार्बन म्हणजे कोळसाच ना? मग कोळशाला वर्ष कसे कळते?" आम्ही उत्तर दिले, "ते शास्त्रज्ञांना यंत्रावर कळते." ती मुलगी खाली बसली आणि तास पुढे सुरू झाला.

त्या रात्री आमचे उत्तर आम्हालाच टोचू लागले. 'शास्त्रात लिहिले आहे, म्हणून मान' असे सांगणाऱ्याशी आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या झगडत आला. 'यंत्र सांगते, म्हणून मान' असे सांगणारे आम्ही त्याच्याहून निराळे कसे? पोथीच्या जागी यंत्र आले एवढेच. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून स्वीकारू नये, असे केसपुत्तच्या कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आम्ही अनुयायी म्हणवितो. त्याच शास्त्याच्या जन्मकाळाविषयी आम्ही एका मुलीला नेमके उलटे वळण लावले होते. मग आम्ही आमच्या सहकारी विज्ञान शिक्षिकांकडे गेलो आणि वयाच्या पन्नाशीत अणूचा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकलो. त्यातून इतिहासाविषयी आणि आपल्या समाजाच्या इतिहासलेखनाविषयी जे मत बनले, ते येथे मांडत आहोत.

अणूची आधुनिक कल्पना मांडणारा जॉन डाल्टन हा इंग्लंडमधील एका विणकराचा मुलगा. तो क्वेकर पंथात जन्मला होता. राज्यमान्य चर्चच्या बाहेर असलेल्यांना ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या पदव्यांची दारे त्या काळी बंद होती. बाराव्या वर्षापासून खेड्यात शाळा चालविणाऱ्या या माणसाने पुढे मँचेस्टरमध्ये शिकवण्या करीत आपले संशोधन केले आणि १८०८ साली आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठराविक वजनाचे असतात आणि ते ठराविक प्रमाणातच संयोग पावतात, हे त्याने तराजूच्या मापांवरून दाखविले. डाल्टनच्या आधीही अणूविषयी बोलणारे अनेक होऊन गेले होते. डाल्टनने त्या बोलण्याला तराजू जोडला.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, 'अणू आमच्या पूर्वजांनीच शोधला' हा दावा आपल्या देशात वारंवार ऐकू येतो. त्यासाठी कणादाचे नाव घेतले जाते. त्यास उत्तर म्हणून आपल्यातील काही जण वैभाषिक बौद्ध आचार्यांच्या परमाणुविचाराचा दाखला देतात. आम्हाला ही दोन्ही वकिली सारखीच अनाठायी वाटते. त्या आचार्यांची बुद्धी तीक्ष्ण होती, यात संशय नाही. परमाणूला भागच नसतील तर सहा दिशांनी सहा परमाणू त्याला भिडणार कसे, आणि भिडत असतील तर त्याला सहा बाजू आल्या नाहीत काय, असा पेच वसुबंधूने 'विंशतिका' ग्रंथात टाकला. आजही तो वाचताना मन चकित होते. परंतु हा तर्काचा वाद होता. त्यात कोणी काही मोजले नव्हते. पूर्वजांचा खरा मान राखायचा असेल तर त्यांनी जे केले त्याबद्दल तो राखावा. जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या नावावर जमा करू नये.

डाल्टनचा अणू भरीव होता. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी अणूहून कितीतरी हलका, ऋण प्रभाराचा कण शोधला. तोच इलेक्ट्रॉन. पुढे मँचेस्टरमध्ये रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन यांनी सोन्याच्या अत्यंत पातळ वर्खावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण वर्खातून सरळ आरपार गेले. परंतु सुमारे आठ हजारांत एखादा कण मागे उलटला. त्यावरून १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी निष्कर्ष काढला की, अणू बव्हंशी पोकळ आहे आणि त्याचे जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटले आहे.

हे किती सूक्ष्म? एका सेंटीमीटरच्या रेघेत साधारण दहा कोटी अणू ओळीने मावतील. कार्बनचा एक अणू फुगवून शंभर मीटर व्यासाच्या क्रीडांगणाएवढा केला, तर त्याचे केंद्रक मैदानाच्या मधोमध ठेवलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढे होईल. उरलेल्या सगळ्या मैदानात केवळ सहा इलेक्ट्रॉन. आमच्या सहकारी शिक्षिकांनी खरोखरच मैदानाच्या मध्यभागी ज्वारीचा दाणा ठेवून मुलांना कडेला उभे केले होते. दाणा कोणालाच दिसेना, तेव्हा मुलांना रुदरफोर्ड समजला.

केंद्रकात धन प्रभाराचे प्रोटॉन असतात आणि त्यांच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरते. एक प्रोटॉन असेल तर हायड्रोजन, सहा असतील तर कार्बन, सात असतील तर नायट्रोजन, एकोणऐंशी असतील तर सोने. या संख्येला अणुअंक म्हणतात. मोजले या तरुणाने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ही संख्या प्रयोगाने पक्की केली. दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारला गेला. आज ज्ञात असलेली ११८ मूलद्रव्ये आवर्तसारणीत याच अणुअंकाच्या क्रमाने बसलेली आहेत.

केंद्रकातील दुसरा कण न्यूट्रॉन. त्याच्यावर कोणताही प्रभार नसतो. तो चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला. त्याच्या शोधाने एक जुने कोडे सुटले. ग्लासगो येथे काम करणारे फ्रेडरिक सॉडी यांना असे आढळले होते की, काही किरणोत्सारी पदार्थांचे अणू वजनाने भिन्न असतात, परंतु कोणत्याही रासायनिक क्रियेने ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणजे सारणीत त्यांचे स्थान एकच. १९१३ मध्ये त्यांनी अशा अणूंना जे नाव दिले, ते मार्गारेट टॉड या स्कॉटिश महिला डॉक्टरांनी सुचविले होते. त्या ग्रीक नावाचा अर्थ 'समान स्थान' असा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील 'समस्थानिक' हा शब्द त्याचेच नेमके मराठी रूप होय. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन मात्र कमीअधिक, हे समस्थानिकांचे रहस्य. क्लोरीनच्या चार अणूंपैकी साधारण तीन ३५ वस्तुमानांकाचे, तर एक ३७ चा असतो. म्हणूनच पुस्तकात क्लोरीनचे अणुवस्तुमान साडेपस्तीस असे अपूर्णांकात दिसते. आम्ही शाळेत असताना हा अर्धा कोठून आला, असे विचारले नाही आणि आम्हाला कोणी सांगितलेही नाही.

येथे एक मोह टाळला पाहिजे. अणूंच्या जगात उच्चनीचता नाही, वजन भिन्न असले तरी स्थान समान आहे, तेव्हा निसर्गानेच समता सांगितली आहे, असे दृष्टांत आपल्या व्यासपीठांवरून दिले जातात. ऐकायला ते गोड वाटतात. परंतु समतेचा आधार निसर्गात शोधू लागलो तर उद्या दुसरा कोणी त्याच निसर्गातून विषमतेचे दाखले काढील. बाबासाहेबांनी ही वाट धरली नव्हती. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी मान्य केले की, माणसे सर्व बाबतींत सारखी नसतात. तरीही समता हेच समाजव्यवहाराचे नियामक तत्त्व असले पाहिजे, हे त्यांनी तेथे युक्तिवादाने प्रतिपादिले. समतेसाठी अणूची साक्ष काढण्याची आपल्याला गरज नाही. अणूची साक्ष लागते ती दुसऱ्या एका कामासाठी, आणि ते काम इतिहासाचे आहे.

कार्बनचे तीन समस्थानिक निसर्गात आढळतात. तिन्हींत प्रोटॉन सहाच. न्यूट्रॉन मात्र अनुक्रमे सहा, सात आणि आठ. म्हणून त्यांना कार्बन-१२, कार्बन-१३ आणि कार्बन-१४ म्हणतात. पहिले दोन स्थिर आहेत. तिसरा अस्थिर, म्हणजेच किरणोत्सारी आहे. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात उंचावर न्यूट्रॉन मोकळे होतात. ते नायट्रोजनच्या केंद्रकावर आदळले की नायट्रोजनचा एक प्रोटॉन बाहेर पडतो, साताचे सहा होतात आणि कार्बन-१४ जन्मतो. तो हवेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळतो, तेथून वनस्पतींत येतो आणि वनस्पतींतून प्राण्यांत व माणसांत येतो. त्याचे प्रमाण अत्यल्प असते. सुमारे एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक.

जिवंत झाडाची स्थिती रोज भरल्या जाणाऱ्या आणि रोज थोड्या सांडणाऱ्या कणगीसारखी असते. कार्बन-१४ सतत नष्ट होत असतो आणि सतत नवा येत असतो, त्यामुळे प्रमाण कायम राहते. झाड तोडले की भरणे थांबते, सांडणे मात्र चालू राहते. ५,७३० वर्षांनी कार्बन-१४ निम्मा उरतो, आणखी तितक्याच वर्षांनी पाव. यालाच अर्धायुष्य म्हणतात. किती उरला हे मोजले की भरणे केव्हा थांबले ते काढता येते. कोळशाला वर्ष कळते ते असे. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मात्र मोजण्याजोगे फारसे काही शिल्लक राहत नाही.

नंतरच्या एका तुकडीबरोबर आम्ही हे एक रुपयाची ६४ नाणी घेऊन करून पाहिले. सारी नाणी उधळायची, छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली पुन्हा उधळायची. चौसष्टांची तेहतीस झाली, मग पंधरा, मग आठ, मग तीन. कोणते नाणे केव्हा बाद होईल हे कोणालाच सांगता येईना. परंतु साधारण किती बाद होतील हे तिसऱ्या फेरीपासून मुले आधीच सांगू लागली. एक पैसा खर्च न करता शिकविता येणारा हा धडा आम्ही इतकी वर्षे शिकविला नव्हता, याची आम्हाला खंत वाटली.

कालमापनाची ही पद्धत विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठात विकसित केली. त्यासाठी लिबी यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी केलेली पहिली गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. अज्ञात वस्तूंचे वय सांगण्यापूर्वी त्यांनी ज्यांचा काळ अन्य पुराव्यांनी ठाऊक होता अशा वस्तूंवर आपली पद्धत पारखून घेतली. इजिप्तच्या जोसेर आणि स्नेफेरू या राजांच्या कबरींतील लाकूड त्यांत होते. साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही, हे आधी तपासायचे आणि मगच त्याची साक्ष नोंदवायची. पुढे असेही आढळले की, हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ एकसारखे नव्हते. तेव्हा झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून आकडे दुरुस्त करण्याची रीत बसविण्यात आली. आपली चूक सापडली म्हणून या पद्धतीची प्रतिष्ठा कमी झाली नाही. ती वाढली.

आपल्यासारख्या समाजाच्या दृष्टीने या साक्षीदाराचे मोल विशेष आहे. इतिहास लिहिला जातो तो लेखांवरून, ताम्रपटांवरून, पोथ्यांवरून. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास रिकामा राहतो. आपल्या पूर्वजांच्या बाबतीत तर लेखणी हाती येऊच दिली नाही. समस्थानिकांना लेखणीची गरज नाही. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५० च्या सुमारास उत्खनन झाले, तेव्हा रंगीत खापरांवरून संस्कृतीचा क्रम लावता येत होता, वर्षे सांगता येत नव्हती. पुढे दख्खनमधील अशा वसाहतींच्या कोळशाचे नमुने प्रयोगशाळांत तपासले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रयोगशाळाही त्यांत होती. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने पुढे दीर्घकाळ उत्खनन केले. आज आपण सांगू शकतो की, तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात शेतकरी नांदत होते. त्यांच्याविषयी कोणत्याही राजाने शिलालेख कोरला नाही आणि कोणत्याही ग्रंथकाराने ओळ लिहिली नाही. त्यांच्या चुलीतील कोळसा आणि जळके धान्य यांनी त्यांची नोंद ठेवली.

स्थिर असलेला कार्बन-१३ सुद्धा बोलतो. ज्वारी, बाजरी यांसारख्या पिकांत त्याचे प्रमाण गहू-तांदळाच्या मानाने अधिक असते आणि खाणाऱ्याच्या हाडांत ते उतरते. हाडांच्या परीक्षणावरून माणसाच्या आहारात कोणत्या धान्याचा वाटा मोठा होता, हे त्यामुळे ओळखता येते. भाकरी खाणाऱ्याची भाकरी त्याच्या हाडांत लिहून ठेवलेली असते. हे ज्ञान आमच्या मुलांपर्यंत पोहोचू नये, त्यांनी समस्थानिकांची व्याख्या दोन गुणांसाठी घोकावी आणि दहावीनंतर विसरावी, हे आम्हाला असह्य वाटते.

आता लुंबिनीकडे वळू. ज्या विधानावर आम्ही टाळ्या वाजविल्या त्याची हकीकत अशी. लुंबिनी येथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले, म्हणून आपण येथे येऊन वंदन केले, असे त्यावरील लेख सांगतो. तेथील मायादेवी मंदिरात २०११ ते २०१३ या काळात रॉबिन कॉनिंगहॅम आणि कोशप्रसाद आचार्य यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. विटांच्या मंदिराखाली त्यांना त्याहून जुन्या लाकडी बांधणीच्या खांबांचे खळगे आढळले. मधोमध मोकळी जागा होती आणि तेथे झाडाच्या मुळांच्या खुणा होत्या. कोळशाचे कार्बन परीक्षण झाले, वाळूच्या कणांचे दुसऱ्या पद्धतीने कालमापन झाले, आणि ही बांधणी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील असल्याचा निष्कर्ष २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध करण्यात आला.

यातून काय सिद्ध होते? अशोकाने ज्या स्थळाला वंदन केले ते त्याच्या आधीपासून, बहुधा काही शतके, जपलेले स्थळ होते, याला भूमीखालून पुष्टी मिळाली. ही लाभाची गोष्ट लहान नाही. त्यापूर्वी तेथे अशोककालाच्या मागे नेणारी वास्तू हाती लागली नव्हती.

आणि काय सिद्ध होत नाही? कोळशाचे वय म्हणजे लाकूड वाढले तो काळ. त्याच्याजवळ कोण जन्मले हे कोळसा सांगत नाही. वृक्षपूजा आपल्या भूमीत बुद्धपूर्वकाळापासून होती. तेव्हा मुळांभोवतीचे ते कुंपण तथागतांच्या स्मरणार्थच उभारले गेले असे त्यावरून निश्चित म्हणता येत नाही, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. तो आक्षेप द्वेषाचा नाही, पुराव्याचा आहे. शिवाय एक तांत्रिक अडचणही आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० या काळात हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण अशा रीतीने घटत गेले की, ७५० चे लाकूड आणि ४५० चे लाकूड यांत आज जवळजवळ सारखाच कार्बन-१४ शिल्लक दिसतो. जुन्या लाकडात आरंभीचा साठा अधिक होता आणि तो अधिक काळ सांडत राहिला. नव्यात साठा कमी होता आणि तो कमी काळ सांडला. म्हणजे नेमक्या ज्या शतकांविषयी आपल्याला सर्वाधिक जाणून घ्यायचे आहे, त्याच शतकांत या साक्षीदाराचा उच्चार अस्पष्ट होतो.

महापरिनिर्वाणाचा काळ श्रीलंकेच्या परंपरेने इसवी सनापूर्वी ५४४ मानला जातो. त्याच गणनेनुसार १९५६ मध्ये २५०० वी बुद्धजयंती साजरी झाली. अनेक इतिहासकार ४८३ च्या आसपासचा काळ धरतात, तर काही तो ४०० च्या जवळ आणतात. लुंबिनीच्या कोळशाने हा वाद मिटलेला नाही. वक्त्यांचे विधान चुकीचे होते आणि आमच्या टाळ्याही चुकीच्या होत्या.

आमचे मत काही धम्मबंधूंना रुचत नाही, हे आम्ही जाणतो. ते विचारतात, "ज्यांनी आपला इतिहास पुसला ते पुराव्याविना हजारो वर्षांच्या गप्पा मारतात, त्यांना कोणी अडवीत नाही. मग काटेकोरपणाचा भार आपणच का वाहायचा?" या प्रश्नात खरी वेदना आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु न्यायालयात ज्याचा पक्ष खरा असतो त्यालाच खोटा साक्षीदार सर्वाधिक महाग पडतो. एक विधान उलटतपासणीत कोसळले की शेजारची दहा खरी विधानेही संशयित ठरतात. बनावट दावा ज्यांना परवडतो, त्यांच्यापाशी सत्ता असते. आपल्यापाशी पुरावा आहे. तोच आपण सैल केला तर आपल्या हाती काय उरते?

बाबासाहेबांनी याबाबत घालून दिलेला धडा स्पष्ट आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, अस्पृश्यतेच्या उगमाविषयी थेट पुरावा मिळत नाही, तुटलेले दुवे अनुमानाने जोडावे लागतात, आणि आपला सिद्धांत हा अंतिम शब्द असल्याचा आपला दावा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची चार दृश्यांची परंपरागत कथाही बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावलेली कसोटी त्यांनी आपल्या परमपूज्य शास्त्याच्या चरित्रालाही लावली. त्यांचे अनुयायी म्हणविताना आपण त्यांचे निष्कर्ष पाठ केले, त्यांची तपासणीची रीत मात्र शिकलो नाही, असे आमच्याविषयी कोणी म्हणू नये.

अन्यांचेही एक उदाहरण घेण्याजोगे आहे. इटलीतील ट्यूरिन येथे एक वस्त्र जतन केलेले आहे. ते येशू ख्रिस्ताचे कफन असल्याची लक्षावधी भाविकांची श्रद्धा आहे. १९८८ मध्ये चर्चने त्याचे लहान तुकडे ऑक्सफर्ड, झुरिच आणि ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांना परीक्षणासाठी दिले. तिन्हींचा निष्कर्ष एकच आला. ज्या तागापासून ते वस्त्र विणले, तो १२६० ते १३९० या काळातील आहे. त्या निष्कर्षावर आजही वाद घालणारे आहेत. तथापि आपली पूज्य वस्तू परीक्षणासाठी देण्याचे धैर्य आणि आलेले उत्तर जाहीर होऊ देण्याचा प्रामाणिकपणा, या दोहोंचा आपण आदर केला पाहिजे. आपल्याकडील अस्थी, वस्तू आणि स्थळे यांच्याविषयी असा प्रसंग आला तर आपण काय करू, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

या विद्यालयाकडे आणि त्याच्या माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे मर्यादित आहे. नववीला अणूचा धडा शिकविला जाईल त्या आठवड्यात विज्ञान आणि इतिहास या विषयांचे दोन तास एकत्र घ्यावेत. मैदानातला ज्वारीचा दाणा, चौसष्ट नाणी आणि इनामगावचा कोळसा मुलांनी एकाच दिवशी पाहावा. बुद्धपौर्णिमेला व जयंतीला मुले जी भाषणे करतात, त्यांत प्रत्येक ऐतिहासिक विधानानंतर 'हे कशावरून?' असे विचारण्याची मुभा श्रोत्या मुलांना असावी. देणगीदारांनी प्रवेशद्वाराची कमान आणि नावाचे फलक जरूर द्यावेत. परंतु एखादे वर्ष प्रयोगशाळेच्या कपाटांनाही द्यावे. ज्या मुलांच्या आजोबांना शाळेच्या ओसरीवर बसविले जात होते, त्यांच्या नातवंडांनी तराजू, भिंग आणि परीक्षानळी स्वतःच्या हाताने हाताळावी, हे त्या कमानीइतकेच शोभिवंत आहे.

तो प्रश्न विचारणारी मुलगी केव्हाच शाळा सोडून गेली. आम्ही उत्तर शिकून वर्गात परतलो तेव्हा ती तेथे नव्हती. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांकडे जाणार आहे, म्हणून कदाचित तिच्याही हाती पडेल. तिला आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, त्या दिवशी दिलेले उत्तर आम्ही मागे घेत आहोत. कोळशाला वर्ष कसे कळते ते वर लिहिले आहे. ते तपासून घ्यावे, आणि आमचे काही चुकले असेल तर तसे कळवावे.